श्री शिल्लक

अध्यक्ष व्हायला चौघं तयार होते, सेक्रेटरीला तिघं, उपाध्यक्षपदं तर चहा यायच्या आधीच वाटून झाली होती, आणि खजिनदार म्हटल्याबरोबर हॉलमधल्या सगळ्या माना मोबाईलमध्ये गेल्या. गेल्या जूनमधली गोष्ट. बाहेर पाऊस असा की खिडक्या लावल्या तरी टेबलावर ओल धरत होती, आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कॉलेज टेबल टेनिसवाल्यांच्या असोसिएशनची निवडणूक लागली होती. मी मागच्या बाकावर बसलेली, मला कुणी विचारलंही नव्हतं. सरांनी "कोण आहे का खजिनदारला?" असं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी हात वर केला. तेव्हा छातीत जे धडधडलं ना, ते ९-१० ला सर्व्हिस करतानाही कधी धडधडलेलं नाही.

आधी असोसिएशन म्हणजे काय ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं हे विद्यापीठाचं काहीतरी आहे. विद्यापीठाच्या झोनल, इंटरझोनल स्पर्धा वेगळ्या. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं, कोल्हापूर-सांगली-सातारा असे तीन जिल्हे त्याच्याखाली, आणि तिथून निवडलेली टीम वेस्ट झोनला जाते. ते सगळं छान आहे, पण एका झोनलवर खेळाडू तयार होत नाही. पहिल्या राउंडला हरलं की वर्ष संपलं, बॅट पुन्हा कपाटात. म्हणून काही जिमखान्याच्या सरांनी आणि जुन्या खेळाडूंनी मिळून बऱ्याच वर्षांपूर्वी ही असोसिएशन काढली, कॉलेजची लीग घ्यायची, दिवाळीच्या सुट्टीत शिबिर लावायचं, अंपायर तयार करायचे, ज्यांच्याकडं टेबल नाही त्यांना कुणाचं तरी जुनं मिळवून द्यायचं. २७ कॉलेज मेंबर, प्रत्येकाला एक मत. छोटंच काम आहे, पण ज्या पोरांना वर्षात दहा जास्तीच्या मॅच मिळतात त्यांना विचारा.

आता मी हात का वर केला ते.

मी बीकॉमच्या सेकंड इयरला होते. लीगचा पहिला दिवस, सकाळी साडेआठ, आणि गडहिंग्लजकडच्या एका कॉलेजची मुलींची टीम दारात उभी. चौघी जणी. पहाटेची एसटी धरून आलेल्या, दोन-अडीच तास प्रवास, एकीच्या केसातलं तेल अजून ओलं होतं. ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी ते, भिंतीवर लावलेला, आणि ड्रॉमध्ये त्यांचं नावच नाही. टेबलावर बसलेले म्हणाले, एंट्री फी आलेली नाही. कॅप्टन मुलगी म्हणाली, दिलीय की, सहाशे रुपये, आमच्या सरांनी रोख दिल्यात. कुणाला दिल्यात? ते तिला माहीत नाही. पावती? पावती दिलीच नव्हती. तिच्या सरांचा फोन लागेना, इकडं पहिल्या मॅच टेबलावर लागायला लागल्या, आणि ती मुलगी परत परत एकच म्हणत होती, "नाव बघा की परत एकदा, खालच्या बाजूला असंल."

तिच्या हातात बॅटची पिशवी होती. जुन्या टॉवेलची शिवलेली, वर नाडी. आपल्याकडं बऱ्याच जणींकडं कव्हर असतं, चेनचं, आत बॉलचा कप्पा. तिनं टॉवेलची का शिवली असंल ते मला नंतर कळलं, टॉवेल ओल पितो. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बॅटवरचं रबर दमट झालं की बॉल स्पिन घेत नाही, नुसता घसरतो, आणि आजरा-चंदगडच्या बाजूला तर पाऊस आपल्यापेक्षा जास्त. म्हणजे त्या मुलीनं रबर कोरडं ठेवायचा घरच्या घरी उपाय काढला होता. जिला एवढं कळतं ती खेळत कशी असंल, हा विचार मी आजपर्यंत करतेय, कारण ती खेळलीच नाही. दुपारपर्यंत चौघी गॅलरीत बसल्या, डबे खाल्ले, टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि अडीचच्या गाडीनं परत गेल्या.

मी त्या दिवशी तीन मॅच जिंकल्या. एकही आठवत नाही.

सहाशे रुपये. आपल्याकडं कुस्तीच्या मैदानात एका जोडीला याच्या कितीतरी पट इनाम लागतं, शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असली की गर्दी रस्त्यापर्यंत येते, त्याचं मला वाईट वाटत नाही, उलट अभिमानच आहे, खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात वाढलोय आपण. पण टीटीला गर्दी नाही, तिकीट नाही, वर्गणी मागायला गेलं की दुकानदार विचारतो "ते टकटक-टकटक काय?" त्यामुळं या खेळात सगळा पैसा म्हणजे पोरांची एंट्री फी, कॉलेजांची वर्गणी आणि कुणी जुना खेळाडू मनापासून देईल ते. त्यातला एक रुपया जरी कुठं आला नि कुठं गेला हे कळलं नाही तर कुठलीतरी टीम गॅलरीत बसते. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

आणि खर्च नाही असं तर अजिबातच नाही. लोकांना वाटतं एक टेबल घेतलं की झालं. टेबल २.७४ मीटर लांब, १.५२५ रुंद, ते तर एकदाच घ्यायचं, पण बॉल? ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा बॉल, आणि २०१४ पासून मोठ्या स्पर्धांत सेल्युलॉइड जाऊन प्लॅस्टिक आलं तेव्हापासून तर जोरात मारला की जोडावर चीर जाते. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते, टक् ऐवजी टच्च असा आवाज येतो आणि अख्खा हॉल म्हणतो, गेला. थ्री स्टारचा, म्हणजे स्पर्धेच्या दर्जाचा, एक बॉल शंभराच्या पुढं. दोन दिवसांच्या लीगला दोन-तीन डझन सहज लागतात. बॉल हलका म्हणून पंखे लावता येत नाहीत, हॉल बंद, मग लाईट जास्त लागतात, लाईटबिल वेगळं. अंपायरचं मानधन, चहा, सर्टिफिकेट, टेबल उचलणाऱ्या पोरांची मजुरी. हे सगळं कुणीतरी कुठंतरी लिहायला पाहिजे की नको? आमच्याकडं ते लिहिलं जात होतं, पण कुणाच्या डायरीत, कुणाच्या डोक्यात, कुणाच्या शर्टच्या खिशात.

हिशोबाचं वेड मला घरातनं आलंय. माझे बाबा मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत, अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्याकडं पाडव्याला वहीपूजन म्हणजे नुसती हळदकुंकवाची बोटं नसतात, बाबा नवी रोजकीर्द उघडतात, डाव्या हाताला जमा, उजव्या हाताला नावे म्हणजे खर्च, आणि सगळ्यात पहिल्या ओळीत लिहितात 'श्री शिल्लक'. काल संध्याकाळी गल्ल्यात जे उरलं ते आज सकाळी सगळ्यात वर. लहानपणी मला वाटायचं श्री शिल्लक हा कुठलातरी देव आहे. बाबांना एकदा सात रुपये जुळत नव्हते. सात! रात्री साडेनऊपर्यंत दुकानात बसले, आई फोनवर फोन, मालक म्हणाले जाऊ दे दिवाणजी मी घालतो सात रुपये, तर बाबा म्हणाले, "तुम्ही घातल्यावर जुळतील ओ, पर कुठं गेलं ते कळणार न्हाई." शेवटी सापडलं, एका रव्याचं, म्हणजे गुळाच्या ढेपेचं, वजन लिहिताना आकडा उलटा पडला होता. बाबांचं हे वाक्य मी प्रचारात सगळीकडं सांगितलं. कारण आमच्या असोसिएशनमध्ये नेमकं तेच चालायचं, कमी पडलं की कुणीतरी घालायचं आणि विषय संपला.

प्रचार म्हणजे ॲक्टिव्हा, रेनकोट आणि एक वही. दुसऱ्या दिवशी खजिनदारला अजून एक फॉर्म आला, माझ्यापेक्षा दोन वर्षं सीनियर मुलगा, खेळायला फार सुंदर, बॅकहँड तर असा की बघत राहावं, सगळ्यांशी बोलणं चांगलं. म्हणजे लढत झाली. मला आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं, बिनविरोध आले असते तर २७ कॉलेजांत जाऊन बोलायची वेळच आली नसती. कागल, इचलकरंजी, जयसिंगपूर, गारगोटी, गडहिंग्लज, एसटीनं नाहीतर गाडीवर, बहुतेक ठिकाणी मैत्रीण मागं बसलेली, "चल मी बी येतो" म्हणून घरातनं निघायची आणि वाटेत मिसळ पाहिजे म्हणायची.

एका कॉलेजात जिमखान्याचे सर, वयानं मोठे, चांगले माणूस, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाळ, तू खेळ की. हिशोबाच्या भानगडीत कशाला पडतीस? खजिनदार म्हणजे शिव्या खायचं पद. आणि बायकापोरींनी चॅरिटीच्या ऑफिसात हेलपाटे मारायचे म्हणजे..." मी म्हटलं, सर, हेलपाटे मारायची माझी तयारी आहे, मी एमकॉमला आहे, मला ते कळतं. आणि खरंच सांगितलं त्यांना सगळं. आपली संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५० च्या पब्लिक ट्रस्ट कायद्याखाली अशी दोन्हीकडं नोंदलेली आहे, कमिटी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, ३१ मार्चला वर्ष बंद करून ऑडिट करावं लागतं, आणि हे वेळच्या वेळी झालं नाही तर उद्या कुणी मोठा माणूस देणगी द्यायला आला आणि ऑडिट रिपोर्ट मागितला तर आपण काय दाखवणार, फोटो? सर गप्प झाले. मग म्हणाले, "चहा घेतीस का?" मला वाटतं ते मत मला तिथं मिळालं.

बोलताना मी फार काही मोठं सांगत नव्हते. पैसे हातात आले की उभ्या उभ्या पावती, मग ते शंभर का असेनात. क्यूआर कोड कुणाच्या स्वतःच्या खात्याचा चालणार नाही, असोसिएशनच्या खात्याचाच, कारण तोपर्यंत निम्मी एंट्री फी एका पदाधिकाऱ्याच्या मोबाईलवर जायची, तो माणूस सरळ होता, पण त्याच्या खात्यात त्याचा पगार, घराचा हप्ता आणि आमची एंट्री फी एकत्र, त्यालाही कळायचं नाही कुठलं कुणाचं. चेकवर दोन सह्या. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला जमाखर्च सगळ्या कॉलेजांच्या ग्रुपवर, गोड असो कडू असो.

एका ठिकाणी मात्र मी चुकले ते इथं लिहायलाच पाहिजे. प्रत्येकजण जुन्या हिशोबाबद्दल विचारायचा आणि उत्तर ठरलेलं, पुरात गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला ५५ फूट ओलांडले होते, धोक्याची पातळी ४३, कोल्हापुरात कुणाला सांगायला नको काय काय गेलं ते. जुन्या खजिनदारांचं घर नदीच्या बाजूला, तळमजला सगळा पाण्यात. पण पूर ओसरल्यानंतरच्या वर्षांचा हिशोब मागितला तरी तेच उत्तर, म्हणून मी एका कॉलेजात सगळ्यांसमोर बोलून गेले, पुराच्या नावावर काय काय खपवलंय देव जाणे. टाळ्या पडल्या. बोलल्यावर बरंही वाटलं. याचं पुढं सांगते.

टीटीत एज नावाचा प्रकार असतो. बॉल टेबलाच्या वरच्या कडेला चाटून गेला तर तो टेबलावर पडला असं धरतात, समोरच्याला परतवता आला नाही तर मारणाऱ्याला पॉइंट. कडेच्या खाली, बाजूला लागला तर नाही. फरक दोन-चार मिलिमीटरचा, अंपायरला पलीकडच्या कोपऱ्यातलं कित्येकदा दिसत नाही, आणि आमच्या लीगमध्ये तर बऱ्याच मॅचला अंपायर म्हणजे नुकताच हरलेला खेळाडू असतो, त्याचं लक्ष कुठं. पण ज्याच्या बाजूला बॉल लागतो त्याला कळतं. नेहमी कळतं. टीवायला असताना पाचव्या गेमला ९-९ असताना माझा फोरहँड बाहेर गेला असं मी धरलं, अंपायरनंही बाहेर दिला, आणि समोरची मुलगी, सांगलीची, टेबलाच्या कडेला बोट लावून म्हणाली, "एज आहे, पॉइंट तिचा." ती ती मॅच हरली. मी तिला नंतर पाणी नेऊन दिलं, दुसरं काय सुचलं नाही. हिशोब दाखवणं म्हणजे मला ते बोट वाटतं. कुणी विचारायच्या आधी कडेवर ठेवलेलं.

मतदान अगदी साधं झालं. एका कॉलेजचा वर्ग, खडूनं फळ्यावर नावं, रबर ठेवायच्या डब्याची मतपेटी. २७ पैकी २५ आले. मला १४, त्याला ११. तो लगेच येऊन हात मिळवून गेला आणि म्हणाला, पावत्या फाडायला माणूस लागला तर सांग. खरंच येतो तो अजून, लीगच्या दिवशी सकाळी काउंटरला माझ्या शेजारी तोच असतो.

माझ्या सरांनी, म्हणजे ज्यांनी मला बारावीनंतर पहिल्यांदा बॅट नीट धरायला शिकवली त्यांनी, त्या रात्री फोन केला. सर सहसा कौतुक करत नाहीत. म्हणाले, "आता नीट लिहायचं. माझं असलं तरी." मला वाटलं बोलायची पद्धत.

आठ दिवसांनी चार्ज घ्यायला गेले. जुने खजिनदार काका, सत्तरीच्या आसपास, त्यांनी साडीच्या दुकानाची एक मोठी पिशवी आणून पुढ्यात ठेवली. आत बँकेचं पासबुक, दोन अर्धी पावतीपुस्तकं, व्हाउचरची फाईल आणि एक वही. वही फुगलेली, पानं एकमेकांना चिकटून लाटांसारखी वाळलेली, आणि खालून चार बोटं वर एक तपकिरी रेघ, सगळ्या पानांवर एकाच उंचीला. पाणी तिथवर आलं होतं. काका म्हणाले, "बाकीची गेली. ही कपाटाच्या वरल्या फळीवर होती. वाचता येईल का बघ, आम्ही लाजेनं कुणाला दाखवली नाही." मी म्हटलं, लाज कसली काका. म्हणाले, "अक्षर गेलंय सगळं. असला हिशोब कुणाला दाखवायचा?"

घरी आणून मी ती वही पंख्याखाली एकेक पान सोडवत बघितली. बाबा शेजारी चष्मा लावून. शाई पसरलेली, पण पेन्सिलनं लिहिलेलं टिकलं होतं, पेन्सिलला पाण्याचं काही होत नाही. आणि जमेच्या बाजूला जागोजागी एकच शब्द, 'घरातून'. घरातून ८००. घरातून १२००. घरातून ३५०, बॉल. बाबांनी बोट ठेवून ठेवून बेरीज केली आणि काही बोलले नाहीत. त्या माणसानं पूर येऊन गेल्यावरही खिशातनं घालून लीग चालवली होती, आणि ते पैसे कधी मागितले नाहीत, कारण मागायला हिशोब दाखवावा लागला असता आणि हिशोबाची वही भिजलेली. आणि मी टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या घरी गेले. जे बोलले होते ते त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेलं होतं. मी माफी मागितली. काकू आत गेल्या, काकांनी मला बस म्हटलं, आणि १९५२ ची गोष्ट सांगितली. कोल्हापुरात सगळ्यांना माहीत असलेली, तरी त्यांच्या तोंडून ऐकली. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, आणि खाशाबांनी ब्राँझ आणलं. म्हणाले, "आणि त्याच साली मुंबईत टेबल टेनिसची वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली होती, माहीत आहे का? जपानचा साटो स्पंजची बॅट घेऊन आला, कुणाला आवाजच येईना बॉलचा, सगळे हरले त्याच्याकडून." मला साटो माहीत होता, पण दोन्ही एकाच सालचं हे कधी जोडलं नव्हतं. "आमच्या पिढीला वाटायचं," काका म्हणाले, "घर गहाण टाकणारा मोठा. घातलेलं लिहून ठेवणारा बारका." एवढं बोलून ते उठले आणि मला पावतीपुस्तकाच्या नंबरांचा घोळ समजावून सांगायला लागले.

मला तो दिवस फार लागला. म्हणजे मी या पदाला उभी राहिले ती कुणीतरी पैसे खातंय या रागानं, आणि दप्तर उघडलं तर खाणारा कुणी सापडला नाही, घालणारेच सापडले. घातलेलं कुठं लिहिलेलं नाही, आलेलं कुठं लिहिलेलं नाही, आणि दोन्हीच्या मधल्या फटीत ती टॉवेलच्या पिशवीवाली मुलगी पडली.

आणि मग दिवाळीचं शिबिर आलं. तीन दिवस, १४ पोरं, पहाटे सहाला सुरू. चौथ्या दिवशी सरांनी मला एक कागद दिला, पोहे ४३ प्लेट, २५ नं, १०७५ रुपये. मी विचारलं, "सर, बिल?" सर म्हणाले, "अगं गाडीवरनं आणलेत. गाडीवाला बिल देतोय होय?" मी म्हटलं, बिलाशिवाय मला लिहिता येत नाही सर. हे वाक्य तोंडातनं बाहेर पडलं आणि मला सरांच्या चेहऱ्याकडं बघवेना. ते पोहे मी स्वतः खाल्ले होते. वर शेव, लिंबू, कोथिंबीर, पोरांचे हात थंडीनं कडक झालेले आणि सर प्रत्येकाच्या हातात गरम प्लेट देत होते. त्यांनी कागद माझ्या हातातनं घेतला, चार घड्या घातल्या, खिशात टाकला. "राहू दे. माझ्याकडून."

राहू दे, माझ्याकडून. म्हणजे 'घरातून'. तीच भिजलेली वही, फक्त यावेळी पेन्सिलनंसुद्धा लिहिलेलं नाही.

मी रात्रभर विचार केला, बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, हमालाचं बिल असतंय का? नसतंय. पण हमाली आम्ही लिहितोच की, त्याची सही नाहीतर अंगठा घेतो, साक्षीला एक माणूस. सकाळी मी गाडीवर गेले. गाडीवाल्या मावशी म्हणाल्या, "सर रोज यायचे की पहाटे, पातेलं घेऊन." मी व्हाउचर लिहिलं, मावशींनी सही केली, मोठ्या अक्षरात, पूर्ण नाव. मग शिबिरातल्या १४ पोरांना एकेक करून गाठलं, तीन दिवस नाश्ता मिळाला म्हणून सह्या. पोरं हसत होती, पोह्याला सही? मी म्हटलं कर. मीही एक दिवस खाल्ला होता, मी त्या १४ जणांत नव्हते, म्हणून खाली वेगळं लिहिलं, खजिनदार, १ प्लेट, आणि २५ रुपये जमेला टाकून स्वतःची पावती फाडली. ते व्हाउचर कमिटीत मंजूर करून घेतलं आणि सरांना १०७५ चा चेक नेऊन दिला. सर बराच वेळ चेककडं बघत राहिले. म्हणाले, "पहिल्यांदा मिळाले गं." सव्वीस वर्षं शिबिरं घेतायत.

जुनी व्हाउचर कशी लिहायचे ते बघायला म्हणून मी तेव्हाच काकांची फाईल परत काढली होती. फाईलच्या मागच्या कव्हरला एक खिसा असतो, कागदाचा, तो मी चार्ज घेताना बघितलाच नव्हता. आत रबर बँड लावलेल्या चिठ्ठ्या. एसटीची तिकिटं, हॉलच्या किल्लीची चिठ्ठी, आणि एका वहीच्या चतकोर पानावर पेन्सिलनं: 'गडहिंग्लज मुली ६००. पावती द्यायची आहे.'

तारीख लीगच्या आदल्या बुधवारची.

पैसे आले होते. बुधवारी आले होते. कुणीतरी खिशात टाकले, चिठ्ठी लिहिली, पासबुकात बघितलं तर त्या गुरुवारी एकरकमी भरणा आहे, त्यात हे सहाशेही असणार. सगळं नीट झालं होतं, फक्त एक पावती फाडायची राहिली आणि एक नाव ड्रॉमध्ये चढायचं राहिलं. मी ती चिठ्ठी हातात घेऊन किती वेळ बसले होते सांगता येत नाही. अक्षर कुणाचं ते ओळखू आलं. ते मी लिहिणार नाही.

कमिटीत विषय मांडला. एकजण म्हणाला, तीन वर्षं झाली, आता कशाला उकरायचं. सर म्हणाले, "टीम खेळली नाही ना? मग फी परत. यात बोलायचं काय आहे." ठराव झाला. ६०० चा चेक त्या कॉलेजच्या नावानं, सोबत पत्र, दोन ओळींचं, की अमुक लीगची एंट्री फी आमच्याकडं जमा होती, आपल्या टीमला खेळता आलं नाही, चूक आमची होती. त्या चौघी आता पास होऊन गेल्या असणार. मी जिमखान्यात फोन करून कॅप्टनबद्दल विचारलं, तिथले सर नवीन, त्यांना कल्पना नव्हती, म्हणाले यंदाची मुलींची टीम मात्र आहे, लीग कधी आहे ते कळवा.

पंधरा दिवसांनी पोस्टानं एक पाकीट आलं. आत त्या कॉलेजची पावती, शिक्का, सही, 'रुपये सहाशे फक्त, एंट्री फी परतावा, धन्यवाद'.

मी ती वहीत चिकटवत होते, नव्या रोजकीर्दीच्या उजव्या पानावर, नावेच्या रकान्यासमोर. बाबा जेवून हात पुसत मागं येऊन उभे राहिले.

"गोंद कमी लाव," म्हणाले. "वही फुगती."